उतारावरचा बांबू

लंब्या गुडघाभर पाण्यात बुडाला यावर कुणाचा विश्वास बसेना, आणि ज्यांचा बसत होता ते तोंड उघडेनात.

लंब्या हा दोरवाल्या मावशीचा एकुलता एक मुलगा. ताडमाड उंच, म्हणून लंब्या. मावशीची दोर वळायची लांबलचक छपरी नदीच्या अलीकडे आणि बाजार पलीकडे. पूल होता, पण तो पार वळसा घालून. म्हणून अलीकडची माणसं उतारावरून जात. उतार म्हणजे नदीतली उथळ, घट्ट तळाची वाट. कपडे जरा वर धरायचे आणि चालायचं. लंब्या तर तेवढीही तसदी घेत नसे. त्या दिवशी उन्हं कलताना तो खांद्यावर दोराची वेटोळी टाकून निघाला. बाजारात पोचला नाही, घरीही परतला नाही.

एक दिवस शोधाशोध झाली. मग नाक्यावरून कुणीतरी पिल्लू सोडलं की लंब्या पळाला. त्याचं पलीकडे कुणीतरी होतं म्हणे. लोकांना काय, फुकटची करमणूक. लंब्याची बायको दारात बसून सगळं ऐकत होती, मांडीवर लहानगी लेक, चिमणी. लंब्याचा धुतलेला सदरा बाहेर दोरीवर तसाच लोंबत होता. मावशी म्हणाली, काढ गं तो, उन्हाने विटेल. तर सून म्हणाली, "ते आले की काढतील."

मुलगा गेला हे मावशीला आतून कळलं होतं. आईला कळतं तसं कळलं होतं, त्याला पुरावा लागत नाही. पण जगाला लागतो. देह मिळाला नाही तर लंब्या मेलेला ठरणार नव्हता, पळालेला ठरणार होता. सून उभा जन्म दाराकडे डोळे लावून बसणार, आणि चिमणी बापाच्या नावाने बोटं मोडत मोठी होणार. आणि वेळही नव्हता. वरच्या बंधाऱ्याची सगळी दारं उद्या संध्याकाळी उघडणार होती, खालच्या गिरणीचं तळं भरायचं होतं म्हणून. एकदा तो लोंढा आला की नदीत जे काही असेल ते थेट समुद्रात.

मावशीने चपला घातल्या आणि ती निघाली.

आधी गेली वाळूवाल्यांकडे. तिथला मुकादम तिच्या लंब्याच्याच वयाचा, तिच्या अंगणात खेळून मोठा झालेला. त्याची माणसं होडीतून बुड्या मारून नदीच्या तळातली वाळू काढत. त्याने मावशीला बसायला पाट दिला, चहा मागवला, आणि म्हणाला की माझी पोरं कामात आहेत, पळालेल्या माणसासाठी त्यांना पाण्यात कशाला घालू. मावशीने चहा घेतला नाही. तिने नदीकडे पाहिलं. एरवी उताराला चिकटून काम करणाऱ्या होड्या पार वरच्या अंगाला नेऊन बांधल्या होत्या. उताराजवळ वाळू काढायला बंदी होती हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिथेच चांगली वाळू मिळते हेही.

"होड्या कधी हलवल्यास रे?" तिने विचारलं.

मुकादमाने चहाच्या कपात असं काही पाहिलं की जणू उत्तर तळाला बसलंय.

तिथून ती कोळ्यांच्या वस्तीवर गेली. त्यांचा म्हातारा पुढारी आपल्या मिशांमुळे गावभर बोका म्हणून ओळखला जाई. तोंडावर मात्र त्याला कुणी तसं म्हणत नसे. मावशीचा नवरा होता तेव्हा दोघांची दोस्ती होती, म्हणून तो तिला वहिनी म्हणे. बोका अंगणात जाळं शिवत होता. लंब्याचं नाव काढताच त्याने वाळूवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. मेल्यांनी नदीची चाळण केली, मासा म्हणून राहिला नाही, आणि वर जिथे तिथे बांबू रोवून ठेवतात. "नदी आहे की खुंटाळं? जाळी फाटून चिंध्या झाल्या आमच्या."

मावशीचं लक्ष त्याच्या बोलण्यात नव्हतं. समोर जाळं वाळत घातलं होतं ते एका बांबूवर. बांबूच्या टोकाला लाल चिंधी होती आणि ती चिंधी मावशीच्या दोराने, मावशीच्याच गाठीने बांधलेली होती. वाळूवाले खोल खड्डा खणला की त्याच्या कडेला असा बांबू रोवत, म्हणजे चालणाऱ्याला कळावं. हा बांबू मुकादमाने तिच्याच छपरीत बसून बांधून घेतला होता.

"हा कुठला हो भावजी?"

"वाहून आला."

"प्रवाहाच्या उलटा?"

कोळीवस्ती उताराच्या वरच्या अंगाला होती. बोक्याची सुई थांबली. मग त्याने दोरा दाताने तोडला आणि पुन्हा ओवायला घेतला. पण दोरा काही नेढ्यात जाईना.

शेवटी ती बंधाऱ्यावर चढून गेली. बंधाऱ्याची दारं उघडायची मोठी चाकं ज्याच्या ताब्यात, त्याला सगळे चावीवाला म्हणत. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवायचा हा तिथला नियम. भोंगा ऐकला की नदीतली माणसं चटकन काठ धरत. चावीवाला सरकारी माणूस, मावशी त्याला अहोजाहो करी. तिने एवढंच म्हटलं की लंब्या घरी आला नाही. त्यावर चावीवाला म्हणाला, "मी भोंगा वाजवला होता हं मावशी."

तिने भोंग्याचं काही विचारलंच नव्हतं.

खाली उतरताना ती अर्ध्या पायऱ्यांवर बसली. तिला सगळं लख्ख दिसलं. लंब्या उताराच्या मध्यावर असताना पाणी चढलं, भोंगा न वाजता. गुडघ्याचं कमरेला आलं. अशा वेळी धार खाली ओढू नये म्हणून माणूस वरच्या अंगाला सरकतो, बांबू बघून, बांबूपासून अंतर राखून. बांबूच नव्हता. लंब्या सरकत गेला तो थेट खड्ड्यात, खांद्यावर ओल्या दोराचं ओझं. आणि अशा खड्ड्यांच्या कडा ढासळतात. माणूस वाळूखाली दबला की वर येत नाही, फुगूनही येत नाही. एकाने खणलं, दुसऱ्याने खूण उपटली, तिसऱ्याने न सांगता पाणी सोडलं. तिघांपैकी एकानेही तिच्या लेकाचं वाईट चिंतलं नव्हतं. तिला वाटलं, एखाद्याने चिंतलं असतं तर बरं झालं असतं. निदान एकाच्या नावाने रडता आलं असतं.

चौकीवर जावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण चौकीवरचा माणूस येणार, चौकशी करणार. वाळूवाले कोळ्यांकडे बोट दाखवणार, कोळी वाळूवाल्यांकडे. चावीवाला नोकरी वाचवायला हात वर करणार. आणि ही बोटं दाखवणं चाललेलं असतानाच उद्याची संध्याकाळ येणार. लंब्याला काढायचं तर तिघंही हवे होते. खड्डा कुठे नि केवढा हे मुकादमालाच ठाऊक, आणि खोल बुडी मारणारी माणसं त्याचीच. उकरताना देह सुटून वाहून जाऊ नये म्हणून खाली आडवं मोठं जाळं हवं, ते बोक्याकडे. आणि तोवर पाणी पूर्ण बंद हवं, नाहीतर कडा पुन्हा ढासळून बुडी मारणाऱ्यालाच गाडतील. ते चावीवाल्याच्या हातात.

तिने तिघांना निरोप धाडला की दिवस मावळायच्या आत छपरीत या, नाहीतर मी येते. त्या "नाहीतर"मुळे तिघंही आले.

बोका आणि मुकादम कित्येक वर्षांत एका छपराखाली बसले नव्हते. तिघं दोराच्या तीन वेटोळ्यांवर तीन दिशांना तोंडं करून बसले. चावीवाला घड्याळ बघत राहिला. बोक्याने हवेला सांगितलं की इथे वाळूचा वास येतोय. मुकादमाने भिंतीला सांगितलं की मासळी जरा जास्तच शिळी झालीय. मावशीने दोघांना बोलू दिलं. मग ती म्हणाली, "मला कळलंय. तिघांचंही."

कुणी विचारलं नाही, काय कळलंय.

"मला माझा माणूस पाहिजे. तुमचा गुन्हा नकोय मला. उद्या सकाळी पाणी बंद, जाळं आडवं, आणि खड्ड्यात माणसं. एवढं करा, मी कुणाचं नाव घेणार नाही."

पहिल्यांदा चावीवाला बोलला. पाणी पूर्ण बंद केलं तर गिरणीवाले ओरडतील, त्यांना काय सांगू. मावशी म्हणाली, दाराच्या फटीत ओंडका अडकला म्हणा, आजवर काय कमी ओंडके अडकलेत तुमच्या. मग मुकादम खाकरला. त्याने विचारलं की लंब्या कुठे सापडला असं सांगायचं. कारण तिथे सापडला म्हटलं की खड्डा आलाच. आणि खड्डा आला की बांबू आला, असं तो म्हणाला आणि बोक्याकडे न बघता थांबला. बोक्याने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला की खाली वळणावर खडक आहेत, शेवाळ आहे, तिथे कुणीही घसरू शकतं.

मावशीने पाहिलं, तिघांच्या माना एकाच वेळी हलल्या. जन्मभर एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं, पण खोटं ठरवायला बसली तर कशी झरझर जुळली. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचं तिचं तिलाच भय वाटलं.

"वळणावर सापडला," ती म्हणाली. "घसरला. मी तेच सांगेन, मरेपर्यंत."

"सुनेलाही?" मुकादमाने विचारलं.

"सुनेलाही."

बुडी मारणाऱ्यांना लांब, नवा, भरवशाचा दोर हवा होता आणि तयार माल लंब्याबरोबरच गेला होता. मावशीने तिघांना उठवलं. छपरीच्या एका टोकाला तीन आकडे, तीन हातांत तीन पेड. दुसऱ्या टोकाला ती स्वतः खाचांचा लाकडी ठोकळा धरून. तिघांनी आपापला पेड सारख्याच वेगाने पिळायचा. एकाने ढिला सोडला की दोराला मुरड पडते आणि तो नेमका तिथेच तुटतो. हे काम एरवी लंब्या एकटा करी, तिन्ही आकडे एका मुठीने फिरवून. या तिघांना जमेना. बोका हळू, मुकादम घाई करणारा, चावीवाल्याचे हात उबदार खोलीत बसून मऊ पडलेले. मावशी पलीकडून ओरडत होती, भावजी झोपलात का, ए मुकादमा, तुझ्या बापाचं लग्न आहे का, दमाने घे. हळूहळू तिघांच्या मनगटांना एकमेकांचा अंदाज आला. कुणी कुणाशी बोललं नाही, पण दोर पडला. मावशीने तो पायाखाली दाबून ताणून बघितला. चांगला पडला होता. लंब्याच्या हातचा पडायचा तसाच, आणि तेच तिला सोसलं नाही.

सकाळी तांबडं फुटताच, गाव उठायच्या आत, चावीवाल्याने दारं बंद केली तेव्हा नदी अशी खाली गेली की तळातले गोटे उघडे पडले आणि मासे डबक्यांत तडफडू लागले. एरवी कोळ्यांनी झडप घातली असती. त्या दिवशी कुणी वाकलं नाही. कोळ्यांनी उताराच्या खाली काठापासून काठापर्यंत जाळं ताणून धरलं. काठावर तुटलेल्या झाडाचं एक जाड खोड होतं, त्याला मावशीने दोराचं टोक बांधलं. दुसरं टोक घेऊन वाळूवाले चालत गेले आणि जिथे पाणी काळं दिसत होतं तिथे थांबले.

मुकादमाची माणसं बुडी मारायला तयार होईनात. वाळू उपसणं वेगळं, हे वेगळं. कडा कच्च्या होत्या, आणि खाली कोण आहे हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा मुकादमाने सदरा काढला. मुकादम झाल्यापासून त्याने पाण्यात पाऊल घातलं नव्हतं, पोट सुटलं होतं. बोका जाळं धरून उभा होता, तो तिथूनच म्हणाला, "पोट आत घे, अडकशील." कुणी हसलं नाही, मुकादम मात्र किंचित हसला. त्याने दोर कमरेला बांधला आणि तो खाली गेला.

दोर ढिला पडे, ताठ होई, पुन्हा ढिला पडे. तो वर येई, वाळू थुंके, श्वास घेई, पुन्हा जाई. कडा ढासळल्या तेव्हा एकदा तो बराच वेळ आला नाही. तेव्हा बोक्याने जाळं दुसऱ्याच्या हातात दिलं आणि धावत जाऊन दोराला हात घातला. कोळी आणि वाळूवाले मागेपुढे उभे राहून ओढत होते. मावशी खोडाशी उभी होती. तिच्या मनात एक विचार येऊन गेला. हीच माणसं चार दिवस आधी अशी एका दोराला लागली असती तर. मग तिने तो विचार गिळला, कारण त्याचा काही उपयोग नव्हता.

मुकादम वर आला तेव्हा एका हाताने दोर धरला होता आणि दुसऱ्या हाताने लंब्याला. लंब्याच्या खांद्यावर दोराचं वेटोळं अजून होतं. त्याने ते टाकलं नव्हतं.

मग तो करार पुरा करायचा होता. त्यांनी लंब्याला काठाकाठाने खाली वळणापर्यंत नेलं. चौघांनी खांदा दिला, दोन कोळी, दोन वाळूवाले. एवढा लांब माणूस, पाय होडीच्या फळीबाहेर लोंबत होते. वळणावर डबक्याच्या पाण्याने त्याला धुतला, नाकातोंडातली वाळू काढली, केस धुतले. मावशीने स्वतः त्याचे कान पुसले. मग त्याला शेवाळलेल्या खडकावर ठेवला, एक पाय पाण्यात राहील असा. बोका म्हणाला, जरा अजून खाली घ्या, खरं वाटत नाही. त्यांनी खाली घेतला. मावशीने ते डोळे उघडे ठेवून पाहिलं. मग कोळ्यांच्या एका माणसाने हाक मारली की लंब्या सापडला, आणि गाव धावत आलं.

चौकीवरचा माणूस येऊन गेला. खडक बघितले, शेवाळाला बूट घासून बघितला, घसरला असावा असं म्हणाला. संध्याकाळी बंधाऱ्याची दारं उघडली. भोंगा वाजला, चांगला लांबलचक वाजला. चावीवाला तो थांबवायचं विसरला की काय असं वाटण्याइतका.

सुनेने तो दोरीवरचा सदरा काढून आणला आणि लंब्याला तोच घालून पाठवला. त्याच्या अंगावरचे ओले कपडे तिने एका कोपऱ्यात ठेवले. ती मोठ्याने रडली नाही. तिने सासूला एकदाच विचारलं की वळणावर ते कशाला गेले होते, बाजाराची वाट तर तिकडून नाही. मावशी म्हणाली, "काय माहीत बाई."

ती फट नाक्यावरच्या लोकांनी भरून काढली. वळणावर माणूस कशाला जातो? प्यायला जातो, आडोसा बघून. प्यायल्याशिवाय एवढा धिप्पाड माणूस घसरेल कशाला. कुणी एकाने म्हटलं असंही नाही. ते सगळ्यांनी मिळून म्हटलं, जसं गवत उगवतं तसं. लंब्याने जन्मात कधी ओठाला लावली नव्हती. पळालेला नवरा गेला आणि त्या जागी पिऊन मेलेला नवरा आला. मावशी दुकानात मीठ घ्यायला गेली तर दुकानदार हळहळून म्हणाला, व्यसन वाईटच हो. मावशीने मिठाची पुडी उचलली आणि ती घरी आली. नाव वाचवायला गेली होती ना? काय वाचवलं, ते पुडीत बांधून आणल्यासारखं तिच्या हातात होतं.

थोडे दिवस गेले आणि तिला दुसरीच एक गोष्ट खायला लागली. माणसं उतारावरून जात होती. बाया, म्हातारे, शाळेची पोरं. खड्डा होता तिथेच होता. ती मुकादमाकडे गेली आणि म्हणाली की बांबू लाव. मुकादम तेव्हापासून खोकत होता, छातीत वाळू बसल्यासारखा. तो म्हणाला, "मावशी, कसा लावू? बांबू लावला की तिथे खड्डा आहे असं होतं. आपण काय सांगितलंय? तिथे काही नाही."

"मग बुजव."

"बुजवायला लागलो तर कुणी विचारणार नाही का, काय बुजवतोयस?"

ती बोक्याकडे गेली. बोका म्हणाला, वहिनी, बांबूचं नाव नका काढू, माझ्या घरात पोरंबाळं आहेत. तिने त्याच्या अंगणात पाहिलं. तो बांबू नव्हता. चुलीत गेला असणार. घरी येताना तिला उमगलं की त्या दिवशी छपरीत तिने मेलेल्यासाठी सगळं मागून घेतलं आणि जिवंतांसाठी काहीच मागितलं नाही. घाईत राहून गेलं. आणि आता मागायची सोय राहिली नव्हती.

तिने छपरीत पुन्हा काम सुरू केलं. आकडे फिरवायला आता सून येई. पोटासाठी कुणीतरी फिरवायला हवेच होते. दोघी फारसं बोलत नसत. असंच एकदा पेड ताणलेले असताना सुनेने मूठ थांबवली. पेड सैल होऊन जमिनीला टेकले. मावशी म्हणाली, थांबू नकोस, मुरड पडेल. सून आकडे सोडून तिच्याकडे चालत आली आणि तिने पदराचं टोक उघडून तळहातावर ओतलं. चिमूटभर वाळू होती. जाड, तांबूस, काचेसारखी टोकदार.

"त्यांच्या विजारीच्या खिशातली," ती म्हणाली. "आज धुवायला काढली."

मावशीचा हात ठोकळ्यावरच राहिला. धुतलं होतं सगळं, नाक, कान, केस. खिसे राहिले. वाळूवाल्यांना खिशातली वाळू दिसत नाही, त्यांच्या अन्नातही ती असते. आणि मावशीने फक्त तोंडच बघितलं होतं.

"वळणावर चिखल आहे," सून म्हणाली. "ही वाळू खोलातली आहे. मुकादमाच्या ढिगात हीच असते."

मावशीने ठोकळा खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि ते पिऊन मेले असं लोक म्हणत होते, तेव्हा तुम्ही तिथेच उभ्या होतात."

"उभी होते."

मावशीला वाटलं, आता ही बोचकं बांधेल, चिमणीला घेऊन जाईल. गेली असती तर तिने अडवलं नसतं. पण सुनेने वाळू पुन्हा पदरात बांधली.

"कुणी केलं ते मला विचारायचं नाही," ती म्हणाली. "कुठे, तेवढं सांगा. चिमणी उद्या त्याच वाटेने शाळेत जाईल."

"मी शब्द दिलाय पोरी. त्या बदल्यात तो मिळाला."

"तुम्ही दिलाय, आई. मी नाही दिला."

छपरीच्या कोपऱ्यात खुंटीवर तो दोर टांगलेला होता, तिघांच्या हातचा. मावशीने तो कुणाला विकला नव्हता. त्यात एका जागी गाठ होती. खोडापासून खड्ड्यापर्यंत दोर ताणला तेव्हा मुकादमाने कमरेला बांधण्याआधी अंतर कळावं म्हणून मारलेली. ती सोडवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मावशीने दोर खुंटीवरून उतरवला, गाठ सापडेपर्यंत हातातून सरकवला आणि सुनेच्या हातात दिला. मग म्हणाली, "काठावर खोड आहे. एक टोक तिथे बांधायचं."

याहून जास्त ती काही बोलली नाही.

सून दिवसाढवळ्या गेली. खांद्यावर बांबू, बांबूच्या टोकाला लंब्याच्या विजारीचा फाडलेला पाय. खोडाला दोर बांधून ती पाण्यात उतरली आणि एकेक पाऊल चाचपत चालली. काठावर माणसं जमली. वाळूवाल्यांची होडी थांबली. कोळी जाळं टाकायचे थांबले. कुणी तिला आवाज दिला नाही आणि कुणी मदतीला उतरलं नाही. गाठ हाताला लागली तिथे तिने पायाने कड शोधली, अलीकडे सरकली आणि बांबू रोवायला लागली. वाळू घट्ट नव्हती. तो दोनदा पडला, तिसऱ्यांदा तिने छातीने दाबून धरला.

मुकादम खोकत मावशीजवळ येऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही.

"मावशी, शब्द होता."

"माझा होता. मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"लोक विचारतील आता."

"विचारू देत."

मुकादम पाण्याकडे बघत राहिला. त्याच खड्ड्यात त्याने जीव धोक्यात घातला होता, हे मावशीला दिसत होतं आणि त्यालाही ते तिला दिसतंय हे कळत होतं. शेवटी तो म्हणाला, "पुढच्या वेळी नदीत कुणी राहिलं, तर तीन माणसं एका दोराला लागणार नाहीत. ध्यानात ठेव." आणि तो गेला. त्याच्या पाठीवरून मावशीला कळलं की हा आता तिच्याकडून दोर घेणार नाही. कोळीही घेणार नाहीत. बंधाऱ्यावरूनही माणूस येणार नाही.

नदीत सून बांबू धरून उभी होती. सोडला की तो कलत होता. तिने एकदा काठाकडे पाहिलं.

मावशीने चपला काढून खोडाशी ठेवल्या, दोराला हात घातला आणि ती पाण्यात उतरली.